मुंदर, वेनका

तुस्कनीतल्या एका कोठारातून
फिओरेला नावाची बाई मला फोटो पाठवते.
ढाली सहा. निशाणं अडीच;
उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते तिलाही ठाऊक नाही.

मी विडी घरकुलात, पंख्याखाली.
बाहेर रात्रपाळीचे माग खडखडताहेत.
स्क्रीनवर बापाची पिक-ग्लास ठेवते आणि हसू येतं:
धागे नाहीतच तिथं,
नुसते लाल हिरवे निळे ठिपके.

मग प्रिंट काढायला जाते. अशोक चौकातला पोरगा म्हणतो,
"पत्रिकेसाठी का, मॅडम? आमच्याकडं याच्यापेक्षा बरा सिंह आहे."

सिंह खरंच कसातरीच आहे.
ज्यानं काढला त्यानं सिंह पाहिला नसावा,
मांजर पाहिलं असेल,
आणि मालकाचा राग.

पहिला धडा फिओरेलानं फोनवर दिला:
ढालीची उजवी म्हणजे तुझी उजवी नव्हे.
जो ती धरून मागे उभा आहे, त्याची.
म्हटलं, बाई, हे मला शिकवू नकोस.
माझा बाप नरसय्या गुंडेटी चाळीस वर्षं
चादर उलटी विणत होता,
सुलट बाजू खाली, जमिनीकडं तोंड करून.
मोराचा पिसारा नीट उतरतोय का बघायला
मागाखाली आरसा धरायचा,
सलूनवाल्याकडून आणलेला, कडेला फुटका,
आणि पुटपुटायचा: मुंदर, वेनका.
पुढची, मागची. मुंदर, वेनका.

निशाणाला मागची बाजू परवडत नाही.
रेशमावर सिंह दोन्हीकडून रंगवलाय,
इकडून काठीकडं निघालेला, तिकडूनही काठीकडंच.
जिथं सोनं जाड बसलं
तिथंच कापड आधी गेलंय.

चौथी ढाल पॉपलरच्या लाकडाची,
वर लिनन, खडूचा लेप, मग रंग.
क्ष-किरणांत सिंहाच्या पोटात तीन मासे दिसतात.
मासेवाल्यांचं घराणं बुडालं असेल,
किंवा उधारी थकली, किंवा जावई आला.
नव्या मालकानं लाकूड नाही बदललं.

आमच्या गिरणीचा शिक्का जांभळा होता:
दोन हत्ती, मध्ये घड्याळ.
गिरणी बंद पडली तेव्हा उरलेल्या ठाणांवर
लिलाववाल्यानं त्यावरच आपला गरुड मारला.
दोन धुण्यांत गरुड गेला.
आईच्या पीठ चाळायच्या फडक्यावर
एक सोंड अजून आहे.

मी फिओरेलाला लिहिलं, मागून फोटो काढ.
दोन महिने लागले तिला.
"मागे विशेष काही नाही," असं लिहून पाठवला.

मागे चामड्याचा तुटका पट्टा.
खिळ्यांची भोकं दोन जोड्या, दुसरी जरा अलीकडं,
म्हणजे दुसऱ्याचा हात आखूड.
आणि मधोमध एक काळपट डाग, पोळीएवढा.

शेजारचा यल्लप्पा संक्रांतीला नंदीध्वज पेलतो,
कमरेच्या पट्ट्यात बूड टेकवून, मान वर करून.
त्याला प्रिंट दाखवली. सिंहाकडं त्यानं पाहिलंच नाही.
कागद उलटा केला, मागं कोराच होता तो,
मग दुसरा कागद घेतला, डागावर बोट ठेवलं.
"इथं कोपर."
बराच वेळ गप्प.
"ह्यो लढाईचा डाग न्हाय. लढाईत माणूस हलतंय की.
असला डाग एका जागी उभं राहून पडतंय.
मिरवणूक असणार. आणि म्होरं कुणीतरी थांबून राहिलेलं,
भाषण करत."

फिओरेलाच्या सूचीत ती ढाल युद्धाची आहे.
तिला कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं:
शक्यता रोचक आहे. नोंद घेता येईल.
फक्त या श्रीयुत यल्लप्पांचं पद काय लिहू?

विचारून सांगते म्हटलं.
गेले तर त्याच्या दाराला कुलूप.
पाचव्या दिवशी नळ आला होता,
तो कोपऱ्यावर घागरी लावून
उभा होता.